डावीकडची पहिली जागा

१९ ऑगस्ट, सोमवार

ही वही माझ्या बायकोने, नेडीनने, रक्तदाब लिहायला आणून दिली. डॉक्टरांचं म्हणणं, रोज सकाळी मोजायचा आणि आकडा लिहायचा. आज १४२/८८. झालं लिहून. बाकीचं पान कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, फळीचा तुकडासुद्धा कधी वाया घालवला नाही. तेव्हा उरलेल्या जागेत आपला अमेरिकन फुटबॉल लिहीन. नेडीन म्हणते, त्यानेच तर तुझा रक्तदाब चढतो. चढू दे.

एल्क बेंड कॉलेजच्या संघाचं नाव हेरॉन्स, म्हणजे बगळे. नाव ठेवणाऱ्याला काय सुचलं देव जाणे. गेल्या दोन मोसमांत वीस सामने खेळले आणि वीसही हरले. आता प्रुइट नावाचा नवा कोच आलाय. पेपरात म्हणतो, हे वर्ष पुनर्बांधणीचं. मागचाही हेच म्हणायचा, त्याच्या मागचाही. पुनर्बांधणी काय असते ते मला सांगू नका. आधी जुनं उचकटावं लागतं, आणि आत काय काय कुजलेलं निघेल ते मालकालाही ठाऊक नसतं.

तरी जाणार. पूर्वेकडच्या स्टँडमधली बाविसावी रांग, पायरीला लागून आमच्या जागा. बाबांनी घेतलेल्या. डावीकडची पहिली त्यांची होती, शेजारी मी, पलीकडे माझा धाकटा भाऊ वेंडेल. बाबांना जाऊन चार वर्षं होतील. आता पहिल्या जागेवर मी बसतो, कारण मोठा मी. वेंडेल सरकून माझ्या शेजारी आला. आम्ही मांडीला मांडी लावून बसतो आणि गेले तीन मोसम तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

नेडीनला सांगितलेलं नाही, पण मी ठरवलंय. या मोसमात वेंडेल बोलला तर ठीक, नाहीतर शेवटच्या सामन्यानंतर मी माझी जागा सोडणार. एकाच बाकावर परक्यासारखं बसण्यापेक्षा घरी रेडिओ बरा.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिलाच सामना, घरच्या मैदानावर. ३४-३. तीन आमचे.

सकाळी पार्किंगमध्ये नेहमीसारखी गाड्यांची मागची दारं उघडून शेगड्या पेटल्या होत्या. नेडीनने खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल दिले होते. जो तो म्हणत होता, यंदा काहीतरी वेगळं वाटतंय. दरवर्षी वाटतं.

वेंडेल शेतावरून आला. गाडी लांब लावली, मान हलवली, बसला. नेहमीप्रमाणे थर्मासमधून एक कप कॉफी ओतून माझ्या बुटाशी ठेवली. हे तो दर सामन्याला करतो, सवयीने करत असावा. पहिल्या वर्षी मी आभार मानायचो. त्याने कधी मानही वळवली नाही, मग मीही सोडून दिलं. कॉफी मात्र पितो.

त्याच्या पलीकडे, तिसऱ्या जागेवर मिसेस ब्रँट. वय चौऱ्याऐंशी, आम्हा दोघांना लहानपणी पियानो शिकवण्याचा निष्फळ प्रयत्न त्यांनी केलेला. हातात गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन बसतात. वेंडेल त्यांच्याशी अखंड बोलत होता. मक्याची कणसं, पाऊस, कोचची चड्डी, सगळं. मला ऐकू येत होतं. शेवटी मी म्हटलं, "तो नवा क्वार्टरबॅक उंच आहे पण मंद आहे." वेंडेल समोर बघत राहिला. मिसेस ब्रँटनी तेवढ्यात त्याला पाऊस किती पडला विचारलं, तर लगेच उत्तर.

म्हणजे तोंड आहे. माझ्यासाठी नाही एवढंच.

१४ सप्टेंबर, शनिवार

१५१/९०. बाहेरगावचा सामना, रेडिओवर ऐकला. हरलो. नेडीन म्हणते जेवायला तीन हाका मारल्या. हल्ली ती फार पुटपुटते.

२१ सप्टेंबर, शनिवार

फक्त दोन गुणांनी हरलो. माणसं हसतमुख घरी गेली, इतकी आमची पातळी खाली आली आहे.

वेंडेलने खिशातला छोटा रेडिओ काढून उजव्या कानात इयरफोनचं बोंड घातलं. माझ्या बाजूचा कान चांगला मोकळा होता. मी तीनदा म्हटलं, "वेंडेल, घड्याळात किती राहिलं?" माझा चष्मा खरंच गाडीत राहिला होता. कानाडोळा म्हणजे काय ते माझ्या भावाकडून शिकावं.

आता लिहायला बसलोय तर सगळंच लिहितो. चूक माझी आहे. बाबा गेले तो शनिवार होता. मी इस्पितळात होतो, वेंडेल सामन्याला गेला होता. अंत्यसंस्काराच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर, लोकांसमोर, मी त्याला म्हणालो, "बाबा शेवटचा श्वास घेत होते तेव्हा तू सॉसेज खात होतास." त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पुढच्या उन्हाळ्यात बाबांची नर्स किराणा दुकानात भेटली आणि सहज सांगून गेली, की त्या सकाळी बाबांनीच त्याला पिटाळलं होतं. एकाने तरी जा, जागा रिकामी दिसायला नको, म्हणाले. तो जायला तयार नव्हता.

त्याच वर्षीच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला मी मनाचा हिय्या केला. बँड वाजत होता, सगळे मैदानाकडे बघत होते, म्हटलं हीच वेळ बरी. म्हणालो, "वेंडेल, चुकलं माझं. बाबांनीच तुला पाठवलं होतं, कळलं मला." तो मैदानाकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. टचडाऊन झाला तसा उठून टाळ्या वाजवल्या त्याने.

माफी मागणं माझ्याच्याने एकदाच होतं. ती त्याने घेतली नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

हरलो. नेडीन म्हणाली, शेतावर जा आणि समोरासमोर बोल. फोनवर माझ्याशी तर तो छान बोलतो, म्हणाली. म्हटलं, बोलणारच, त्याचं भांडण तुझ्याशी नाही. मग तिने जे काही म्हटलं ते पाठमोरी असताना म्हटलं, मला कळलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

जुने विद्यार्थी परत येतात तो सामना. मिरवणूक, मुकुट घातलेली राणी, चार हजार माणसं, आणि ४१-७ असा मार. सलग पंचवीस.

सामना संपल्यावर वेंडेल निघून गेला. मिसेस ब्रँट काही उठेनात. घंटा मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसल्या.

"मर्ल, त्या जागेवरून ऊठ."

मला वाटलं त्यांना पायरीपर्यंत हात हवाय. उठलो.

"आत्ता नाही रे. पुढच्या वेळी. तिथे वेंडेलला बसू दे आणि तू मध्ये ये."

म्हटलं का? तर म्हणाल्या, तुझा बाप तिथे बसायचा तेव्हा संघ निदान अर्धे सामने जिंकायचा. तू बसलास आणि उतरती कळा लागली. तुझ्या बुडाखाली संघ दबलाय.

मी म्हणालो, ही बाबांची जागा आहे आणि मोठा मी आहे. बाबा गेल्यावर वेंडेलनेही मागितली होती. अंत्यसंस्कार होऊन आठवडा झाला नव्हता, तर म्हणाला, मी टोकाला बसतो, तू मध्ये ये. मी ठाम नाही म्हटलं. बापाची जागा मोठ्याकडे जाते. त्याला त्या जागेचा हव्यास कशाला?

"तू विचारलंस का, कशाला?" मिसेस ब्रँट म्हणाल्या. मी म्हटलं, हव्यासाला कारण लागत नाही. त्यांनी माझ्या पोटरीवर घंटेने टोला मारला आणि निघाल्या. मुलं पियानोवर चुकली की पट्टीने मारायच्या, तसाच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

१४८/९०. मंगळवारी कोच गावच्या हॉटेलात नाश्त्याला येतो, कुणीही जाऊन बसावं. आज गेलो. तरुण आहे, टक्कल पडतंय, अंड्यांवर भसाभसा मिरपूड घालतो. कुणीतरी विचारलं, तो सत्त्याहत्तर नंबरचा दांडगा पोरगा एकदम कसा सुधारला? कोच म्हणाला, काही नाही हो, त्याला डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला नेलं. दोन वर्षं चुकीच्या बाजूला उभा होता आणि सगळे त्यालाच नावं ठेवत होते.

मीही ठेवत होतो, लाकडाचा ओंडका म्हणायचो त्याला. वाईट वाटलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज सामना नव्हता, म्हणून हरलो नाही.

खूप विचार केला. भावासाठी ती जागा मी सोडणार नाही. त्याने या तीन वर्षांत पुन्हा एकदा तोंड उघडून मागितली असती, किंवा निदान माझं म्हणणं ऐकलं असतं, तर गोष्ट वेगळी. पण संघासाठी सोडायला हरकत नाही. बाबांनीही संघासाठी सोडली असती. नेडीनला सांगितलं तर तिने माझा गाल ओढला. का ते कळलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज घाईने लिहितोय, अक्षर बिघडेल.

मी लवकर गेलो आणि मधल्या जागेवर बसलो. मिसेस ब्रँट आधीच येऊन बसल्या होत्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, घंटेवरचा गंज खरवडत होत्या. वेंडेल पायऱ्या चढून आला आणि मोकळ्या पहिल्या जागेसमोर उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. मी म्हटलं, "संघासाठी." तो बसला. बाकावरून दोनदा हात फिरवला. मग थर्मास काढला आणि माझा कप या वेळी बुटाशी न ठेवता हातात दिला.

दुसऱ्या सत्रात आमचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड बाकी. मी आपला स्वतःशीच पुटपुटलो, "आता लाथ मारून चेंडू देऊन टाकेल हा कोच, भित्रा लेकाचा."

"मारणार नाही," वेंडेल म्हणाला. "पळवेल. बघ तू."

आणि पळवला. चार यार्ड.

मी त्याच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. न जाणो, चुकून बोलला असेल. थोड्या वेळाने म्हटलं, "सत्त्याहत्तर नंबर बरा खेळतोय." तो म्हणाला, "आपण त्याला ओंडका म्हणत होतो." मग एकामागून एक सुरूच झालं. कोचची मिरपूड मी सांगितली, त्याने नव्या मळणीयंत्राचं सांगितलं. रेडिओ खिशातच राहिला. बाबा एकदा पंचांना शिव्या देताना कवळी खालच्या रांगेत पडली होती, ती गोष्ट त्याने काढली आणि आम्ही दोघं इतके हसलो की पुढची बाई वळून बघायला लागली.

२०-१७ हरलो. मिसेस ब्रँटना म्हटलं, बघा, जागा बदलून काही उपयोग नाही झाला. त्या म्हणाल्या, असं का, आणि घंटा पिशवीत टाकली.

पण त्या जागेत काहीतरी आहे खरं. तिथे बसल्यावर माणूस मोकळा होतो. बाबाही तिथे बसून फार बोलायचे. घरी मात्र मुके.

२० ऑक्टोबर, रविवार

१२८/८०. नेडीनने यंत्र हलवून परत मोजला. तेवढाच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बाहेरगावी हरलो. फोन करू का वेंडेलला, असा विचार आला. नको. बोलणं सामन्यापुरतं असेल तर सामन्यापुरतंच राहू दे. चर्चच्या पायऱ्यांचा विषय निघालेला नाही. त्याने तो गिळलाय की माफ केलाय, कळायला मार्ग नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

हरलो, पण सामन्याचं लिहायला आज मन नाही.

मध्यंतरात मी चिलीचे दोन वाडगे घेऊन पायऱ्या चढून आलो. वेंडेल टोकाला बसलेला, दुसऱ्या सामन्यांचे निकाल ऐकायला रेडिओ कानात, पाय लांब सोडलेले. मी पायरीवर उभा राहून म्हटलं, "वेंडेल, पाय घे." नाही. पुन्हा म्हटलं. गरम वाडग्याने बोटं भाजत होती. तो मैदानाकडे बघतोय, जसा तीन वर्षं बघत होता तसाच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मिसेस ब्रँटना म्हणालो, "बघा, झालं याचं परत सुरू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या बाजूने काय बोलतोस त्याच्याशी? तो कान गेलाय त्याचा. बापाचा गेला होता तसाच."

मी विचारलं, केव्हा.

"चार-पाच वर्षं झाली. कुणाला सांगू नका म्हणाला, म्हातारा झाला म्हणतील. मी वचन दिलं होतं. म्हणून तुला जागा बदलायला लावली. आता तुझ्या टाळक्यात काही शिरेना तर मोडलं मी वचन."

वेंडेलने तेवढ्यात मला पाहिलं, पाय घेतले, वाडगा घेतला आणि म्हणाला, "किती वेळ लावलास."

मी बसलो. चिली खाल्ली की नाही आठवत नाही.

ट्रॅक्टर चालवताना बाबा सतत उजव्या खांद्यावरून मागे बघायचे, नांगर सरळ चाललाय का म्हणून. म्हणजे डावा कान आयुष्यभर इंजिनाकडे. वेंडेलही तसाच बघतो, बाबांनीच शिकवलं. मी सुतार झालो, मला कधी बघावं लागलं नाही. बाबा टोकाची जागा का सोडत नव्हते? विचारलं की म्हणायचे, इथून गुणफलक चांगला दिसतो. सगळी माणसं उजव्या हाताला राहावीत म्हणून बसायचे ते. आणि वेंडेलने जागा मागितली ती माझं बोलणं ऐकू यावं म्हणून.

आणि मी तिथे मोठेपणाने जाऊन बसलो, नेमका त्याच्या डाव्या बाजूला. माफी मागितली ती त्या कानात. तीन वर्षं तो वाट बघत बसला असेल आणि दर शनिवारी मला कॉफी ओतून देत होता.

फार रडलो आज. लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाहीच.

९ नोव्हेंबर, शनिवार

हरलो. सलग एकोणतीस. १४५/८८. शेवटचा सामना पुढच्या शनिवारी, घरी. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाहिलं. चार कागद फाडले. नेडीनने विचारलं काय चाललंय, म्हटलं कपाटाचा आराखडा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

थंडी म्हणजे हाडात शिरणारी. बाक बर्फासारखा. वेंडेल टोकाला, मी मध्ये, मिसेस ब्रँट तीन घोंगड्यांत.

तिसरं सत्र संपेपर्यंत मी नुसती कॉफी पीत होतो. चौथं सुरू झालं तेव्हा वाटलं, आता नाही तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत नाही, आणि पुढचा सप्टेंबर कुणी पाहिलाय. त्याच्याकडे वळलो. म्हटलं, तीन वर्षांपूर्वी पहिल्या सामन्याला मी तुला काहीतरी म्हणालो होतो. तो म्हणाला, काय? म्हटलं, तुला ऐकू गेलं नाही, मी त्या बाजूला होतो. त्याने मान खाली घातली. ब्रँटबाईंनी सांगितलं ना, म्हणाला. मी हो म्हटलं.

"बँड वाजत होता का तेव्हा?" त्याने विचारलं.

आणि नेमका तेव्हाच बँड सुरू झाला. आमच्या पुढ्यातच बसतो, सत्तर पोरं, ढोल, कर्णे. मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "चुकलं माझं. बाबांनीच तुला पाठवलं होतं."

तो मैदानाकडे बघत राहिला. अगदी तसाच बघत होता.

मग हात कानामागे धरून म्हणाला, "काय? मोठ्याने बोल."

मी उभा राहिलो. छाती भरून घेतली आणि ओरडलो, "वेंडेल, चुकलं माझं!"

आणि बँड थांबला. मध्येच, जसा थांबतो तसा. माझा आवाज अख्ख्या पूर्व स्टँडभर गेला. चारशे माणसं वळून बघायला लागली. वरच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, माफ कर रे वेंडेल, काय केलं असेल ते. लोक हसले. मिसेस ब्रँटनी घंटा वाजवली. माझे कान, तोंड, सगळं तापलं. मी मटकन बसलो.

वेंडेलचे डोळे भरले होते. थंडीने नाही.

"मघाशी कानाशी म्हणालास तेव्हाच ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पण फार वाट बघितली होती मर्ल, म्हणून दुसऱ्यांदा ऐकून घेतलं."

मग त्याने त्या शनिवारचं सांगितलं. बाबांनी पाठवलं म्हणून तो आला, पण सॉसेज हातात तसंच थंड झालं. बाबांच्या जागेवर आपली टोपी ठेवून बसला होता, जागा रिकामी दिसू नये म्हणून. मी त्याचा हातमोजा धरला. दोघं म्हातारे हात धरून बसलो, बघेनात का लोक.

मग एकदम सगळे उठून ओरडायला लागले, खाली उड्या मारायला लागले, मैदानावर पळायला लागले. गोलाचा पिवळा खांब उपटून पोरं खांद्यावर घेऊन नदीकडे निघाली. मला वाटलं काहीतरी अपघात झाला.

घरी आल्यावर नेडीनला विचारून लिहितो. २४-२१. आम्ही जिंकलो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मोजायला विसरलो. पुढच्या मोसमाचा अर्ज आला. पहिली जागा, वेंडेल टिमरमन. दुसरी जागा, मर्ल टिमरमन. सही केली, पेटीत टाकून आलो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

चार वर्षांनी वेंडेल घरी जेवायला आला. बेकरीतला पंपकिन पाय घेऊन आला आणि स्वतः केला म्हणून नेडीनला सांगत होता. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची डाव्या टोकाला ठेवली होती. त्याने बघितली आणि जाऊन बसला. मी त्याच्या उजवीकडे.

पेपरात कोच म्हणतो, पुढचं वर्षही पुनर्बांधणीचंच. वेंडेल म्हणाला, निदान तीन वर्षं लागतील. मी म्हटलं, लागू देत, घाई कुणाला आहे.

वेंडेल मध्येच हसायला लागला. विचारलं काय झालं, तर म्हणाला, "मर्ल, नेडीन मघापासून चौथ्यांदा तुला हाक मारतेय. टर्की उचलायला ये म्हणते."

काय करणार. हल्ली ती पुटपुटतेच फार.